साधं कार्ड

"काकू, हे नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "घरच्या सर्व्हरला नाकापेक्षा मोती जड होईल. हे कार्ड सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतं. तुम्हाला डिस्क नुसत्या जोडून देणारं साधं कार्ड हवंय."

तिला ते पक्कं ठाऊक होतं. परगावच्या लेकीनेही निरोपात हेच लिहिलं होतं. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरींशी संसार करून निवृत्त झालेल्या बाईला कुठे काय लागतं, हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

"असू दे," ती म्हणाली. "हेच द्या."

रविवारी दुपारी तिने टेबलाखालचा सर्व्हर उघडला. घरातले सगळे फोटो त्या काळ्या डब्यात होते. जागा संपत आली होती आणि नव्या डिस्क जोडायला आत पोर्ट उरले नव्हते. धूळ पुसून तिने कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवलं, स्क्रू पिळला, वायरी जोडल्या. हात अजून सराईत होते. सर्व्हर सुरू केला. नव्या डिस्क दिसल्या नाहीत. त्या दिसणार नव्हत्याच. मग तिने निवांतपणे लेकीला फोन लावला.

एरवी लेकीचा फोन म्हणजे उभ्या उभ्या चौकशी. बरी आहेस ना, गोळ्या घेतल्यास ना, चल ठेवते. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या आईला त्याचं फार वाईट वाटायचं.

"अगं आई, साधं कार्ड सांगितलं होतं ना मी?"

"विसरले बाई. वय झालं आता."

लेकीने कपाळावर हात मारला असावा. पण ती बसली. कार्डाच्या आतला प्रोग्राम बदलून त्यालाच साधं करायचं ठरलं. लेक सांगेल ते आई टाइप करायची. दर खेपेला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, आणि तो आळोखेपिळोखे देत जागा होईपर्यंत लेकीला बोलण्यावाचून दुसरं कामच नव्हतं. साहेब खडूस आहे. वरची बाई पहाटेपासून फर्निचर सरकवते. केस गळतायत. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, मग बिस्किटांवर भागतं. आई नुसती हं हं करत होती. कार्ड पहिल्या झटक्यात वठणीवर आलं नाही, तेव्हा तर तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

शेवटी सगळ्या डिस्क दिसल्या.

"सुटलो बाई एकदाचे," लेक म्हणाली. "आणि ऐक, मी आता अशी सोय करून ठेवलीय की पुढे काही बिघडलं तर मी थेट इथूनच आत येऊन बघेन. तुला माझ्यासाठी ताटकळत बसायला नको. तुला कळणारसुद्धा नाही."

"बरं झालं," आई म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिला रडू आलं. स्वतःच्याच हाताने वायर तोडल्यासारखं झालं होतं. डोळे पुसून तिने डब्याचं झाकण बसवलं, सगळे स्क्रू नीट आवळले.

संध्याकाळी ती खोलीत आली, तेव्हा डिस्कचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. तिने तर कशाला हात लावला नव्हता. म्हणजे तिकडून लेकच आत येऊन बघत असणार.

तिने स्टूल ओढलं आणि दिव्यासमोर बसली.

"जेवलीस का गं?" तिने हळूच विचारलं.