बाबांचा कान

"काही आवाज नाही," बाबा म्हणाले.

मुलगा उघड्या बॉनेटवर ओणवा होता. आत खर्र खर्र चालली होती, शेजारचं कुत्रं वैतागून लांब जाऊन बसलं होतं, आणि बाबा म्हणत होते, आवाज नाही.

जुनी गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता. प्लग बदलून झाले, पट्टा बदलून झाला, बोटांची सालटी निघाली, तरी खरखर जिथल्या तिथे. गॅरेजचं तर नाव काढायची सोय नव्हती. पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत या घरातलं प्रत्येक दुखणं बाबांनी नुसत्या कानाने ओळखलं होतं. ही गाडीसुद्धा त्यांनी डोळे मिटून ऐकली होती आणि "लोण्यासारखी चालते" म्हणून बॉनेटवर थाप मारली होती. त्या शब्दावर गाडी घरी आली.

"आई, रेस दे गं!"

स्टिअरिंगवर बसलेल्या आईने पाय दाबला. खरखर दुप्पट झाली.

"आता?" मुलाने विचारलं.

"नाही म्हणतो ना! तुझ्या डोक्यात बसलाय तो आवाज."

मुलाने पाना फरशीवर आपटला. "डोक्यात नाही, बाबा, गाडीत आहे! तुम्हाला ऐकू येत नाही!"

एवढं मात्र त्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

आईने पाय उचलला. दोन वर्षं घरात सगळेच टीव्हीच्या वरताण ओरडून बोलत होते, पण हे वाक्य आजवर कुणी ओरडलं नव्हतं. मुलाला वाईट वाटलं, आणि रागही काही उतरला नव्हता.

बाबांनी हत्यारांच्या खोक्यातून सगळ्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला. टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आजवर इंजिनाचं दुखणं ते असंच ऐकत आले होते. आधी डावा कान लावला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"म्हणजे घेतानासुद्धा..." ते म्हणाले.

"राहू द्या बाबा. उद्या गॅरेजला टाकतो."

बाबा जागचे हलले नाहीत. मग त्यांनी ती मूठ तोंडात घातली आणि दातांनी घट्ट धरली.

"अहो, तेलकट आहे ते! लहान बाळ आहात का?" आई खिडकीतून ओरडली.

बाबांनी डोळे मिटले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावरून हळूहळू सरकत गेलं, थबकलं, मागे आलं आणि पुन्हा तिथेच जाऊन थांबलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"डायनामो," ते दात न उघडता म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

आईने इंजिन बंद केलं. मुलाने पट्टा उतरवला आणि डायनामोची पुली हाताने फिरवून पाहिली. आत वाळू अडकल्यासारखी ती करकरली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग आठवण होऊन ओरडला, "बरोबर आहे, बाबा!"

"गाडीचं बरं ऐकू येतं," आई नेहमीच्या आवाजात पुटपुटली. "माझं मेलं एक अक्षर नाही."

बाबांना फक्त तिचे ओठ हललेले दिसले. ते गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी आले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाराच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ पुन्हा दातांत धरली.

"बोल," ते म्हणाले.

इतके दिवस ओरडायची सवय, आता हळू काय बोलायचं? आईने बोट वाकवून पत्र्यावर टकटक केली, आत कुणी झोपलेलं असावं इतकी हलकी.

बाबा मिटल्या डोळ्यांनी थांबले.

"दोनदा," ते म्हणाले.