सीडरची रांग

व्हर्नाने सीडरचं आणखी एक रोपटं बुडापाशी कापलं आणि ती तिथेच दगडावर टेकली. कंबर आता उभं राहू देईना. मागे वळून पाहिलं, तर सकाळी साफ केलेल्या उतारावरही काही हिरवे शेंडे राहूनच गेले होते. दर वर्षी हे असंच.

टेकडीवर माती वीतभर, खाली नुसता चुनखडक. नांगर कधी लागला नाही, म्हणून जुनं ब्लूस्टेम गवत अजून तग धरून होतं. गुडघाभर, तांबूस. पण सीडर वाढला की त्याच्या सावलीत काडी उरत नसे.

शेजारचा क्लेटस गाडीतून उतरला. वारा मनासारखा असला तर उद्या तो टेकडीचं गवत पेटवणार होता. वसंतात सगळेच पेटवतात. नवं गवत जोमाने येतं.

"जाळाने बारकी रोपं मरतील, व्हर्ना," तो म्हणाला. "पण तुझ्या घरापुढची ती मोठ्या सीडरची रांग उभी आहे तोवर पाखरं बिया आणून टाकणारच. उद्या करवत आणतो. आडवीच करू."

"त्या रांगेला हात लावायचा नाही."

"मग बस मरेपर्यंत कापत!"

"बसेन. आल्विनची झाडं आहेत ती. तो आहे तोवर तरी नाही."

क्लेटसने कपाळावर हात मारला आणि तो आल्विनला भेटायला घराकडे निघून गेला.

व्हर्ना पाय ओढत खाली आली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचा नवरा आल्विन खिडकीशी खुर्चीत बसून असे. खिडकीबाहेर सीडरची काळपट भिंत, तिच्यामागे टेकडी दिसेनाशी झालेली. घरात भर दुपारी दिवा लावावा लागे. तिने घेवड्याचं सूप गरम करून त्याच्यापुढे ठेवलं. तो सुपाकडे न बघता तिच्या ओरखडलेल्या हातांकडे बघत राहिला.

"क्लेटस आला होता," तो म्हणाला. "झाडं तोडू म्हणतो."

"त्याला दुसरा उद्योग नाही. तू जेव."

"मी हो म्हटलं."

व्हर्ना त्याच्यासमोर येऊन बसली. "दुष्काळात बादल्या वाहून जगवलीस ना ती? आंघोळ सोडलीस, पण झाडांना पाणी घातलंस. आणि आता तोडा?"

"मला कुठे आवडतात ती! आजोबांनी टेकडी जिवापाड राखली, आणि मी तिच्या उरावर हे लावून ठेवलं." आल्विनचा आवाज थकला होता. "तुझ्यासाठी लावली, बाई. लग्न करून आलीस त्या वर्षी रोज संध्याकाळी टेकडीकडे तोंड करून दारात उभी राहायचीस, आणि डोळ्यांना धारा. वाटलं, जंगलातली पोर, झाडांवाचून जीव घुसमटतोय. एक दिवस माहेरी निघून गेली तर?"

सूप निवत गेलं. व्हर्नाने आपला खरबरीत हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"वेड्या," ती म्हणाली, "माहेरी झाडांपलीकडचं मला कधी काही दिसलंच नव्हतं. ते गवत बघून ऊर भरून यायचा रे माझा."