कचरूची बिमारी

“आता ह्याला डेल्टा म्हणायचं,” रामकिसन गुरुजी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले. चहाच्या टपरीसमोर बसलेल्या सात-आठ जणांनी माना वर केल्या.

“अन् आधीचा तो चायनाचा?”

“तसं म्हणायचं न्हाई आता. बिमारीला कोण्या देशाचं, कोण्या गावाचं नाव द्यायचं न्हाई. माणसाचं तर बिलकुल न्हाई.”

“का बरं?”

“बदनामी होती. अन् बदनामीच्या भेवानं लोकं दुखणं झाकून ठेवतेत.”

दोघा-तिघांची नजर समोरच्या बंद गिरणीच्या ओट्याकडे गेली आणि लगेच वळली. ओट्यावर कचरू एकटा बसला होता. पुण्यात रंगकाम करणारा कचरू मागच्या वर्षी टाळेबंदीत गावी परतला आणि गावातला पहिला पेशंट ठरला. त्याच्या गल्लीच्या तोंडाला तेव्हा बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. तो बरा होऊन आला, काटे निघाले, पण नाव राहिलं. या गावात कोरोना असं कोणी म्हणतच नव्हतं. ‘कचरूची बिमारी’ म्हणायचे. कचरू समोर असला तरी म्हणायचे, शेळीला शेळी म्हणावं तितक्या सहज.

कचरूचं गुरुजींकडे लक्ष नव्हतं. तो संपतकडे बघत होता. संपत बाकाच्या टोकाला तोंडावर रुमाल ओढून बसला होता. हातातला चहा तसाच गार झालेला. बसल्या जागी त्याचे खांदे वर-खाली होत होते. ती धाप कचरूच्या ओळखीची होती. जालन्याच्या वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस असाच श्वास ओढायचा. तिसऱ्या दिवशी ती खाट रिकामी झाली होती.

तेवढ्यात गावची आशा कार्यकर्ती शिवकन्या आली. ऑक्सिजन बघायचं छोटं मशीन तिच्या हातात होतं.

“संपतभाऊ, बोट द्या बरं.”

संपतनं हात मांडीखाली दाबला. “मला काय झालंय? परवा... पोरीला... पायलला बघाया... पाहुणे येऊन राह्यले.” एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

शिवकन्या तिथंच उभी राहिली. जास्त आग्रह केला तर हा उठून शेतात जाऊन बसेल, हे तिला ठाऊक होतं. त्या आठवड्यात दोन घरांनी तिला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं होतं.

कचरू ओट्यावरून उतरून आला.

“माझं बघ पोरी.”

तिनं त्याच्या बोटाला मशीन लावलं. सत्त्याण्णव. ती आकडा सांगणार, तोच कचरूनं बोट ओढून घेतलं.

“लई कमी आलं न्हाई का?” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “सकाळपासून दम लागून राह्यलाय मला. गाडी बोलव. जल्दी.”

शिवकन्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. कचरूची नजर संपतवर होती. तिनं लगेच फोन कानाला लावला.

बघता बघता बाकं रिकामी झाली. “पुन्हा त्यालाच झाली बघा,” जाता जाता कोणीतरी म्हणालं. गुरुजी क्षणभर घुटमळले, मग तेही निघाले.

“संपत, माझ्यासंगं चल,” कचरू म्हणाला. “एकट्याला भ्या वाटतंय.”

संपतनं वर पाहिलं. बराच वेळ तो बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

“घरच्यांची तपासणी मी करते,” शिवकन्या हळूच म्हणाली. “गवगवा न्हाई होऊ देणार. पाहुण्यांना पुढची तारीख कळवू. तुम्ही जा.”

गाडी आली. कचरू आत जाऊन खाटेवर आडवा झाला, संपत त्याच्या उशाशी बसला. गाव मागं पडलं, अंबडचा रस्ता लागला, तसा कचरू उठला आणि त्यानं संपतला धरून खाटेवर निजवलं.

“पेशंट हे आहेत, डॉक्टरसाहेब.”

गाडीतल्या तरुण डॉक्टरनं संपतचं बोट हातात घेतलं. ब्याऐंशी. काही न विचारता त्यानं ऑक्सिजन सुरू केला. खिडकीबाहेर नुकत्याच उगवलेल्या कपाशीच्या ओळी मागं पळत होत्या. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. बऱ्याच वेळानं त्र्याण्णववर.

संपतनं नाकावरचा मास्क बाजूला केला. “कचरूदादा, मीबी तसंच म्हणायचो. तुझ्या नावानं.”

“ठाऊक हाये.”

“राग न्हाई येत?”

कचरूनं ऑक्सिजनच्या नळीचा पीळ सोडवला.

“माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेल्ते. मंग मी झालो तवा मायनं मला उकिरड्यावर ठेवलं, उचललं, अन् कचरू नाव दिलं. म्हणायची, असल्या नावाच्या लेकराकडं मरण वळून बघत न्हाई.”

त्यानं मास्क संपतच्या नाकावर नीट बसवला.

“राहा तूबी त्या नावाच्या आड. आता बोलू नको.”