तीन हिसके

पाण्याखाली दोराला तीन हिसके बसले आणि जहाजाचा तळ खरवडणारा पाणबुड्या चक्रावला.

एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे माझं काही खरं नाही, मला वर ओढ. तीनची खूण फक्त खालच्याने द्यायची. वर होडीत ऊन खात बसलेल्याला तिचं काय काम?

वर दोर धरून त्याचा मेहुणा बसला होता, बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं हाच दोर, हाच हात. "भाऊजी, बिनघोर उतरा. तुम्ही बुडालात तर ताईची बोलणी मला खावी लागतील!" हा विनोद रोज ठरलेला. गेले दोन महिने तो बंद होता. मेहुणा डबा न उघडताच घरी जायचा. दाढी वाढली होती. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, झोप लागत नाही."

"त्याला डॉक्टरांना दाखवू या," बायको कालच म्हणाली होती. "आतून पार खचलाय तो."

पाणबुड्याने हसण्यावारी नेलं होतं. "दोरावरचा हात बघ त्याचा. तो कसला खचतोय!"

पुन्हा तीन हिसके. सावकाश, मोजून दिलेले.

ही चूक नव्हती. त्या हाताने अकरा वर्षांत एकदाही चूक केली नव्हती. भर पाण्यात पाणबुड्याच्या अंगावर काटा आला. दोन महिने जे तोंडातून निघालं नाही, ते या माणसाने दोरावरून खाली पाठवलं होतं. केवढी ही हिंमत! रोज काळोख्या पाण्यात उतरूनही अशी हिंमत आपल्यात कधी नव्हती, असं त्याला वाटलं.

त्याने एक हिसका दिला आणि तो वर आला. मेहुणा दोर दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता.

"भाऊजी, मला..."

"कळलं रे. उशिरा कळलं, पण कळलं." पाणबुड्याने कमरेची गाठ सोडली आणि दोराचं ते टोक स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं. "चल, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. बिनघोर चल. तू बुडालास तर ताईची बोलणी मला खावी लागतील."