छत तिच्याकडे

"मामा, रुळांना हे काय चोपडलंत?"

भाच्याने बोटाचा वास घेतला आणि बोट फडक्याला पुसलं. ट्रक त्याच्या गॅरेजबाहेर उघड्यावर होता. भाचा आत सीटवर उभा होता आणि त्याचं डोकं छताच्या चौकोनात होतं. छताची सरकती काच अर्धी उघडून तिथेच रुतून बसली होती. वर आभाळ काळं झालं होतं.

"तुझ्या मामीचं डोक्याचं तेल," मामा म्हणाले. "काच कुरकुरत होती. हाताशी तेच होतं."

"बरं झालं, अजून केस नाही उगवले."

तेलावर धूळ बसून त्याचा पार डिंक झाला होता आणि त्या डिंकाशी झगडून काच सरकवणारी मोटर जळली होती. इतक्या जुन्या ट्रकची तसली मोटर आता भंगारवाल्याकडेही मिळत नव्हती. भाच्याने हे सगळं एका दमात सांगून टाकलं. वाईट बातमी घोळवत बसायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"काच हाताने ओढून बंद करतो आणि कडेने सीलंट भरतो. थेंब येणार नाही आत."

"बंद नको."

"अहो, पाऊस येतोय."

"छत बंद दिसलं तर तुझी मामी गाडीत बसायची नाही. मागच्या खेपेला चालत्या गाडीचं दार उघडलं तिने." मामांनी आवाज खाली आणला. "आणि आज तिला बसवायलाच हवं. दुपारच्या आत तिकडे पोचवायचंय. ती खोली त्यांनी आमच्यासाठी किती दिवस अडवून ठेवायची?"

तिकडे म्हणजे कुठे, हे भाच्याला ठाऊक होतं. सगळ्या गणगोताला ठाऊक होतं. तिथे विसर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात आणि रात्री दाराला कुलूप लावतात. मामीचा पलंग खिडकीजवळ आहे, हे तर मामा प्रत्येकाला कोणी न विचारताच सांगत होते.

मामी गॅरेजच्या कोपऱ्यात टायरांच्या चळतीवर बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी होती. 'जरा फिरून येऊ, संध्याकाळी घरी,' असं मामांनी तिला सांगितलं होतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकच वाक्य धरून बसतो. सकाळपासून मामांनी ते वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की भाच्याला त्यांचा राग यायला लागला होता.

ट्रक घेतला त्याच दिवशी नवरा-बायकोची वाटणी झाली होती. स्टिअरिंग त्यांच्याकडे, छत तिच्याकडे. तिने बटण दाबायचं, काच सरकायची, मगच गाडी हलायची. आता तिला घराचा नंबर आठवत नव्हता, पोटच्या मुलीचा आवाज ओळखू येत नव्हता. बटण मात्र बोटाला बरोबर सापडायचं.

भाच्याने सीलंटची नळी बाजूला ठेवली. मग त्याने रूळ खरवडून साफ केले, त्यांत ग्रीस भरलं आणि आतल्या दिव्याचं झाकण काढलं. दिव्यामागे एक बारीक भोक होतं. मोटर बंद पडली तर त्यात वाकडी किल्ली घालून काच हाताने सरकवता येते.

"तिला बटण दाबू द्या," तो म्हणाला. "तिने दाबलं की तुम्ही इकडून फिरवायचं. गाडी थांबवून, हां. उजवीकडे उघडतं, डावीकडे बंद होतं."

"तिने विचारलं तर?"

"दिवा बघतोय म्हणा."

बटण दिव्याच्या शेजारीच होतं. हा डाव शेंबड्या पोरालाही कळला असता. पण दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून दोघांनी तो अगदी मनावर घेतला. मामांना भोक काही सापडेना. शेवटी भाच्याने त्यांचं मनगट धरून किल्ली आत बसवली.

मामीला आणून बसवलं. तिने मान वर करून आभाळ पाहिलं आणि बटण दाबलं. मामांनी किल्ली फिरवली, जरा उशिराच. काच उरलेली अर्धी मागे सरकली.

"आवाज गेला वाटतं हिचा," मामी म्हणाली.

"दुरुस्त झाली ना, आता आवाज नाही करत," भाचा म्हणाला.

"हुशार आहेस. कोणाचा तू?"

"तुझ्या नणंदेचा, मामी."

"हो का? बरी आहे ना ती?"

भाच्याची आई जाऊन वर्ष उलटलं होतं. मामीनेच तिला शेवटचं पाणी पाजलं होतं.

"बरी आहे," तो म्हणाला. मामांवरचा त्याचा राग तिथेच विरला.

त्याने दार लावलं आणि खिडकीतून आत वाकला. "मामा, एकदा बंद करूनही बघा. थोडंसंच. वाटेत पाऊस गाठेल."

मामांनी किल्ली फिरवली. काच हलेना. त्यांनी जोर लावला, पण ते उजवीकडेच फिरवत होते. भाचा काही बोलणार, तेवढ्यात मामीने शेजारून हात वर केला आणि मामांचं मनगट धरलं.

"अहो, डावीकडे," ती म्हणाली. "नीट शिकून घ्या त्याच्याकडून. येताना तुम्हाला एकट्यालाच बंद करायचंय."

भाचा खिडकीतून मागे झाला. मामा तिने धरलेल्या आपल्या मनगटाकडे बघत राहिले. उघड्या छतातून पहिला थेंब पिशवीवर पडला, मग दुसरा.

मामीने त्यांचं मनगट सोडलं. बटणावर पुन्हा बोट ठेवलं, दाबलं, आणि काच सरकायची वाट बघत बसली.