ओंजळीतला ठिपका

बहात्तर साली भाईंदरच्या एका गाळ्यात परशुराम मोजणीयंत्रांचे बारीक निऑन दिवे तपासायचा. दिवा पुरता विझला की नाही ते दिवसाउजेडी कळत नसे. म्हणून तो दिव्याभोवती तळव्यांची ओंजळ मिटून फटीला डोळा लावायचा.

त्या दुपारी एक दिवा बंद करूनही आत नारिंगी ठिपका राहिला. यंत्र तर संध्याकाळी पाठवायचं होतं.

"ट्रान्झिस्टर लीक होतोय, बंद करूनही करंट झिरपतोय," तो म्हणाला.

"बघा बाबा. माझं सोल्डरिंग पक्कं हाय," शेजारी जोडकाम करणारी मोरवा गावची हौसाबाई म्हणाली.

त्याने ट्रान्झिस्टर बदलला, मग दिवाही बदलला. ठिपका होताच. शेवटी दिव्याची वायरच कापली आणि पुन्हा ओंजळीत डोकावला.

"इझला का न्हाय?"

"थांबा हो, एक गंमत बघतो."

परशुराम टेबलापासून लांब, खिडकीशी गेला. रिकामे तळवे तसेच मिटले आणि फटीला डोळा लावला.

आत, तळव्यांच्याही कितीतरी पलीकडे, ठिपका जळत होता. तो आणखी जवळून बघू लागला.

आणि ठिपका झाकला गेला. पलीकडूनही कुणीतरी फटीला डोळा लावला होता.