शून्य इजा

"चालू करू का?" दुभाषीने विचारलं. माऊसचा बाण तिने बटणावर नेऊन ठेवला होता.

"आता काय मुहूर्त काढायचाय?" साहेब म्हणाले.

ऑफिसात तिला सगळे दुभाषीच म्हणायचे. गाडी एका सॉफ्टवेअरमध्ये आखली जायची, सीट आणि त्यावरचा डमी ड्रायव्हर दुसऱ्यात, आणि कॉम्प्युटरवरची टक्कर तिसऱ्यात. तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. दर वेळी माणसं तीन आठवडे बसून सगळं हाताने जुळवायची. तिघांना बोलतं करणारा प्रोग्रॅम तिने दोन वर्षं खपून लिहिला होता. आज तो चालला तर जुनी पद्धत बंद. फसला तर तो कायमचा बासनात, आणि ती पुन्हा जुळवाजुळवीला.

टक्कर विभागातले काका हाताची घडी घालून मागे उभे होते. वीस वर्षं ते हेच हाताने करत आले होते.

"कोण कुठून मोजतो ते बघितलंस ना, पोरी? कोणी गाडीच्या नाकापासून अंतर धरतो, कोणी समोरच्या भिंतीपासून."

"अहो काका, एकेक बोल्ट मोजलाय!"

तिने बटण दाबलं. गाडीचे आणि सीटचे चार हजार दोनशे भाग धडाधड टक्करीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊ लागले. नऊ मिनिटांत सगळे पोचले. एकही गळला नाही!

"अगं बाई!" ती स्वतःशीच ओरडली.

मग टक्कर. पडद्यावर गाडी धाडकन भिंतीवर आदळली, बॉनेटचा चुराडा झाला, काचेला तडे गेले. सगळे श्वास रोखून बघत होते. निकाल उमटला. डोकं: शून्य इजा. छाती: शून्य. गुडघे: शून्य.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! साहेबांनी तिथूनच वरच्यांना फोन लावला. "हो हो, इतकी सुरक्षित गाडी आपण कधी केलीच नव्हती! यापुढे प्रत्येक गाडी हिच्याच प्रोग्रॅममधून!"

दुभाषीच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी आईला कळवावं की नवऱ्याला, तिला सुचेना.

"जिंकलीस बाई," काका मोकळेपणाने हसले. "जरा आत दाखव की. कसा वाचला पठ्ठ्या, बघू तरी."

तिने चित्र फिरवून आत नेलं. ड्रायव्हरची जागा मोकळी होती. तिने घाईघाईने चित्र लहान केलं, आणखी लहान केलं. साहेब अजून फोनवरच होते.

चुरडलेल्या गाडीच्या पार मागे, दहा हात लांब, रिकाम्या जागेत, आपल्या सीटवर पट्टा बांधून डमी ऐटीत बसला होता.